तो वेळ, ती वेळ

एखाद्या धावपटूने स्वतःची आजवरची सर्वोत्तम कामगिरी केली, की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर 'वैयक्तिक उच्चांक' असा शब्द छापून येतो. उंच उडीला, भालाफेकीला तो चपखल बसतो. धावण्याच्या शर्यतीत मात्र आकडा जितका खाली येईल तितकं चांगलं. म्हणजे खरं तर तो नीचांक. पण 'तिने वैयक्तिक नीचांक गाठला' असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बाईंचं काहीतरी बिनसलं. म्हणून आम्ही धावणारी मंडळी मराठी बोलतानाही सरळ 'पीबी' म्हणतो आणि मोकळे होतो.

दुसरी गंमत 'वेळ' या शब्दाची. मराठीत तो दोन लिंगांनी चालतो. तो वेळ मोजता येतो: फार वेळ लागला, बराच वेळ गेला. ती वेळ यावी लागते: जेवणाची वेळ झाली, निघायची वेळ आली. शर्यतीत मोजला जातो तो वेळ, पण बातमीत लिहितात 'तिने अमुक इतकी वेळ नोंदवली', जणू मोजलेला वेळ नव्हे, एक आलेली वेळच वहीत टिपून ठेवली. हे व्याकरण मला अनेक वर्षं नुसतं गमतीचं वाटत होतं. २०२५च्या जानेवारीत, वयाची चोपन्न वर्षं पूर्ण झालेली असताना, मुंबई मॅरेथॉनमध्ये मी ३ तास ५८ मिनिटं ३७ सेकंद अशी वेळ नोंदवली, आणि ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली ठरली. तेव्हापासून ते मला वेगळ्या अर्थाने पटू लागलं आहे.

मी मूळची मिरजेची. गेली अठ्ठावीस वर्षं हैदराबादला आहे, बँकेत नोकरी करते. धावायला लागले छत्तिसाव्या वर्षी. मुलगी शाळेत जायला लागली होती आणि सकाळचा एक तास माझा स्वतःचा झाला होता. पहिली पूर्ण मॅरेथॉन २०१० साली मुंबईत धावले, ४ तास ४७ मिनिटांत. पुढच्या पाच वर्षांत तो आकडा उतरत उतरत २०१५ला ४:०६:१२ वर आला. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. चार तासांचा उंबरठा सहा मिनिटांवर दिसत होता. पुढच्या वर्षी ओलांडू, असं वाटलं.

पुढच्या वर्षी आकडा चढला. त्याच्या पुढच्याही वर्षी चढला. २०२०ला ४:३१ झाले. मग साथ आली. २०२१ आणि २०२२ साली मुंबईची शर्यत झालीच नाही. २०२३ला ती पुन्हा भरली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, रात्री तीनला जाग येत होती आणि घाम येऊन उशी भिजत होती. त्या वर्षी ४ तास ३८ मिनिटं लागले. घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी आणि एका डॉक्टरांनीही प्रेमाने एकच गोष्ट सांगितली: आता वेळेच्या मागे लागू नका, आनंदासाठी धावा.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की वेळेच्या मागे धावण्यात आनंद नसतो. मला तो होता. सकाळी उठून स्वतःला एक अवघड प्रश्न घालायचा आणि त्याचं उत्तर पायांनी शोधायचं, हाच माझा आनंद होता. आता तो प्रश्नच घालू नकोस, असं लोक सांगत होते. आणि ते मला सांगत होते. माझ्याच वयाच्या पुरुष सहकाऱ्याला, जो दर रविवारी सायकलचे आकडे सगळ्यांना दाखवत असे, त्याला कुणी सांगत नव्हतं.

शरीराचं गणित मात्र नाकारून चालत नाही. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त जेवढे ठोके पडू शकतात, तो आकडा वयाबरोबर उतरतो आणि कुठल्याही व्यायामाने तो थोपवता येत नाही. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमताही तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. नेटाने सराव करणाऱ्यांत उतार कमी असतो, पण असतोच. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि त्याबरोबर हाडं, स्नायू दोन्ही झिजायला लागतात. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. एकाच वेगाने धावायला शरीर किती इंधन जाळतं, ही जी धावण्यातली काटकसर आहे, ती वर्षानुवर्षं धावलेल्या माणसात वयाबरोबर फारशी बिघडत नाही. कॅनडातले एड व्हिटलॉक २००४ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, टोरोंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत धावले. घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास फेऱ्या मारून ते सराव करत. माझा आणि त्यांचा काही ताळमेळ नाही. पण इंजिन लहान होत गेलं तरी गाडी चालवणारा शहाणा होऊ शकतो, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

बाकीचं अक्कांकडून घेतलं. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, मूळच्या वरंगळच्या, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. केबीआर पार्कच्या बाहेरच्या रस्त्यावर आमची ओळख झाली आणि पंधरा वर्षं आम्ही रविवारी बरोबर धावलो, अर्धं तेलुगूत, अर्धं दखनी हिंदीत बोलत. त्यांची सर्वोत्तम वेळ ४ तास २४ मिनिटं, सत्तावन्नाव्या वर्षी नोंदवलेली. नंतर खुब्याचा सांधा झिजला, एकसष्टाव्या वर्षी तो बदलावा लागला आणि धावणं संपलं. आता त्या चालतात. त्यांना मी एकदा विचारलं होतं, ४:२४ धावलात तेव्हा कळलं होतं का, की याच्या पुढे काही नाही? त्या म्हणाल्या, "कसं कळणार? मी तर पुढच्या वर्षीसाठी ४:२० लिहून ठेवलं होतं. शेवटची वेळ आहे हे तीन वर्षांनी मागे वळून पाहिलं तेव्हा समजलं."

२०२३च्या त्या शर्यतीनंतर अक्कांनी माझ्या दहा वर्षांच्या नोंदी मागून घेतल्या आणि चौकोनी वहीत आलेख काढला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. आठवड्यातले पाच दिवस दमवणारं धावणं आणि त्यातून एका रात्रीत सावरणं चाळिशीतल्या शरीराला जमत होतं. पन्नाशीतल्या शरीराला सावरायला दोन रात्री लागतात. तेव्हा दमवायचं ते दोनच दिवस, आणि ते पुरेपूर. बाकी दिवशी इतक्या हळू धावायचं की तोंडाने अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. त्या 'नेम्मदिगा' म्हणत. तेलुगूत नेम्मदिगा म्हणजे सावकाश, पण त्यात मनाची शांतताही येते.

हळू धावायला फार धीर लागतो. नेकलेस रोडवर हुसेनसागराच्या कडेने मी सकाळी माझ्या चालीने निघाले की कॉलेजातली मुलं मागून येऊन सहज पुढे जात. मी मनात पाढे म्हणत असे. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक दिवस ज्युबिली हिल्सच्या चढांवर आणि रविवार लांब पल्ल्याचा. आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत वजनं. सुरुवातीला रिकामी दांडी खांद्यावर घेताना हसू येई. दीड वर्षाने साठ किलो जमिनीवरून उचलू लागले. रात्री नऊला झोप. ताटात भात कमी झाला नाही, डाळ, अंडी आणि दही मात्र वाढलं. यात चमत्कार काही नव्हता. २०२४च्या जानेवारीत ४:१७ झाले. त्या वर्षी दर रविवारी पहाटे साडेचारला अक्का स्कूटीवरून माझ्या मागे येऊ लागल्या. पुढच्या टोपलीत केळी, खजूर, मीठ-साखरेचं पाणी. बत्तीस किलोमीटर सोबतीला स्कूटीची फटफट आणि मधूनच एक हाक: "नेम्मदिगा!"

मुंबईला निघताना त्यांनी दोन सूचना दिल्या. तीस किलोमीटरपर्यंत घड्याळ वेग वाढवण्यासाठी बघायचं नाही, कमी करण्यासाठी बघायचं. आणि पेडर रोडच्या दुसऱ्या चढावर पाय मोजायचे नाहीत, श्वास मोजायचे.

मुंबईची शर्यत पहाटे अंधारात सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं थंडीने नव्हे तर धास्तीने थरथरत उभी असतात. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये सगळेच जोरात सुटतात, कारण सगळ्यांचेच पाय ताजे असतात. मी कडेने राहिले. मरीन ड्राइव्ह, मग पेडर रोडचा पहिला चढ, हाजी अली, वरळी. सी लिंकवर बघे नसतात, ढोल नसतो. समुद्रावरचा वारा आणि डांबरावर पडणाऱ्या शेकडो बुटांचा एकसारखा आवाज, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. त्या आवाजात माझा आवाज ओळखू येत नव्हता, याचं मला बरं वाटलं. निम्मं अंतर झालं तेव्हा घड्याळात दोन तास दहा सेकंद होते.

माहीमकडे वळेपर्यंत उजाडलं. ही शर्यत मला आवडते ती इथून पुढे. मुंबईची माणसं रविवारची झोप मोडून रस्त्यावर येतात. कुणी संत्र्याच्या फोडी घेऊन, कुणी चिक्की, कुणी वाटीत मीठ. दादरला एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक बाईला उद्देशून ओरडत होत्या, "चल गं, पोरी!" मला कुणी पोरी म्हणून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तीस किलोमीटरला २ तास ५० मिनिटं. आता घड्याळ बघायची मुभा होती. मी बघितलं आणि पोटात गोळा आला, कारण चार तासांच्या आत येणं आता शक्य होतं. शक्य नसतं तेव्हा भीतीही नसते.

स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तीसेक किलोमीटरपर्यंत पुरते. त्यानंतर अनेकांना समोर भिंत आल्यासारखं होतं. दर पाऊण तासाला घेतलेली साखरेची जेल आणि सुरुवातीची कंजुषी यामुळे माझी भिंत आली, पण ती कुंपणाएवढी होती. ऊन मात्र चढलं होतं. जानेवारी असला तरी मुंबईची हवा ओलसर. अंगावरचा घाम वाळत नाही, नुसता वाहतो. पेडर रोडचा दुसरा चढ येतो तो पस्तीस किलोमीटर पायांखालून गेल्यावर. एरवी मोटारीतून जाताना तो चढ आहे हे लक्षातही येत नाही. माझ्या पुढची माणसं एकेक करून चालायला लागली. मी श्वास मोजले. चार पावलांना एक आत, चार पावलांना एक बाहेर, मग तीन-तीन, माथ्यावर पोचेपर्यंत दोन-दोन. उतारावर पाय सोडून दिले.

मरीन ड्राइव्हचा तो अर्धवर्तुळाकार रस्ता चित्रात जेवढा सुंदर दिसतो तेवढाच शर्यतीच्या शेवटी लांबत जातो. चाळिसाव्या किलोमीटरला घड्याळात ३ तास ४६ मिनिटं होती. उरले दोन किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर. हे शेपूट १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लागलं, आणि १९२१मध्ये ते कायमचं ठरलं. हाताशी चौदा मिनिटं. आयुष्यात एवढं सोपं गणित मी कधी सोडवलं नाही आणि एवढं अवघड उत्तर कधी लिहिलं नाही. शेवटच्या वळणानंतरचं मला फार आठवत नाही. घड्याळ थांबवलं एवढं आठवतं, आणि एका स्वयंसेवक मुलाने कोपर धरून "मॅडम, चालत राहा" म्हटलेलं.

३:५८:३७. दुसरं निम्मं अंतर पहिल्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन मिनिटं कमी वेळात. चव्वेचाळीस वर्षांच्या माझ्यापेक्षा मी साडेसात मिनिटं आधी पोचले होते.

वयोमानानुसार वेळ दुरुस्त करून देणारी कोष्टकं असतात. आपलं वय आणि वेळ घातली की तरुणपणी ती किती भरली असती ते सांगतात. क्लबातल्या एकाने उत्साहाने ते काढून पाठवलं. मी उघडलं नाही. ते कोष्टक खोटं आहे म्हणून नाही. ज्यांना ते बळ देतं त्यांना देवो. पण मला पहिल्यांदाच काहीही सवलत न घेता एक आकडा मिळाला होता आणि तो तसाच हवा होता.

आईला फोन केला तो दुपारी, हॉटेलवर पाय वर करून पडल्या पडल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मिरजेला दादाकडे असते. गेली पंधरा वर्षं प्रत्येक शर्यतीनंतर तिचा एकच प्रश्न असे: "कितवी आलीस?" मी चार आकडी काहीतरी सांगायची आणि ती म्हणायची, "असू दे. दमली असशील, झोप." वेळेशी तिला देणंघेणं नसे. एकदा म्हणाली होती, "चार तास? तेवढ्यात मोटारीने पुण्याला पोचतं माणूस." या वेळी मी तिने विचारायच्या आतच सांगितलं, "आई, आजवरची सगळ्यांत चांगली वेळ. तीन तास अठ्ठावन्न मिनिटं." पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने विचारलं, "आणि सेकंद?"

मे महिन्यात मिरजेला गेले तेव्हा त्या प्रश्नाचा उलगडा झाला. आई शाळेत खो-खो खेळायची, एवढं मला माहीत होतं. खो-खोत पळतीच्या खेळाडूचं मोल सेकंदांत मोजतात. गडी किती वेळ हाती लागला नाही, ते घड्याळ लावून टिपलं जातं. तिथे आकडा वाढला तर चांगला. १९६१ साली, पंधरा वर्षांची असताना, परकर खोचून आई एका सामन्यात पाच मिनिटं वीस सेकंद पळाली होती. बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला होता. हे सांगताना ती लसूण सोलत होती आणि तिच्या आवाजात कसलाही कढ नव्हता. चौसष्ट वर्षं तिने तो आकडा सेकंदासकट जपून ठेवला होता आणि घरात कुणालाही माहीत नव्हता. मॅट्रिकनंतर खेळ सुटला, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावू द्यायला १९८४ साल उजाडावं लागलं. तेव्हा आई अडतीस वर्षांची होती, आणि मी आता जसा सराव करते तसा करायचं तिच्या मनात आलं असतं तरी तिने तो कुठे आणि कसा केला असता, मला सांगता येत नाही. "पुढे किती पळाली असतीस गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सहा झाली असती."

अक्कांना शेवटची वेळ मागाहून कळली. आईला ती कळायच्या आतच दार बंद झालं. माझी कुठली, हे मला माहीत नाही. आकडेमोड माझ्या विरुद्ध आहे. पंचावन्ननंतर मॅरेथॉनमधला उतार अधिक तीव्र होत जातो. ३:५८:३७ हीच शेवटची असेल, असं धरून चालणं शहाणपणाचं. तरी अक्कांच्या चौकोनी वहीत पुढच्या ओळीवर ३:५५ लिहिलेलं आहे, आणि ते त्यांनी नाही, मी लिहिलं आहे. खोडायची वेळ आली तर खोडेन. ती वेळ माझ्या पायांनी सांगावी, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने नव्हे.

मिरजेच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर आल्याची तारीख, कुणाचं श्राद्ध, सगळं आई त्यावर पेन्सिलीने लिहिते. मे महिन्यात सहज जानेवारीचं पान उलटून पाहिलं. १९ तारखेच्या चौकोनात, 'दूध १ लि.' या नोंदीखाली, तिच्या बारीक अक्षरात तीन आकडे होते.

ऑगस्टमध्ये हैदराबादची मॅरेथॉन धावले. उड्डाणपुलांचे चढ, पावसाळी दमट हवा. हा रस्ता वेळेसाठी नव्हेच. ४ तास १९ मिनिटं लागले. संध्याकाळी आईला फोन केला. कितवी आलीस, असं तिने विचारलं नाही. मी वेळ सांगितली.

"सेकंद?"

"आठ."

"थांब," ती म्हणाली, आणि पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.